बाबांचा पगार वर्षातून एकदा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यातून २६ वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे. ती बीएस्सी ॲग्री झाली आहे आणि दोन वर्षांपासून एका संस्थेत शेतकरी प्रशिक्षक आहे. चौदा गावांतल्या कापूस-सोयाबीनवाल्यांना रिजनरेटिव्ह शेती शिकवायची, म्हणजे कमी नांगरट, आच्छादन, हिरवळीचं खत, आंतरपीक, शेण-गोमूत्राचं जीवामृत. दोन खरिपांत ४१२ शेतकरी येऊन गेले. सह्या झाल्या, फोटो झाले. या मार्चमध्ये तिने गावोगाव फिरून पाहिलं तेव्हा त्यातल्या १९ जणांनी काही करून पाहिलं होतं, तेही बहुतेकांनी बांधाकडेच्या चार-दोन गुंठ्यांत. संस्थेला पुढच्या वर्षी हजार शेतकऱ्यांचा आकडा हवा आहे. घरची साडेपाच एकर वडील कसतात. त्यांनी याही उन्हाळ्यात ट्रॅक्टरने खोल नांगरट केली. तिने हटकलं तर म्हणाले, "तुझा पगार दर महिन्याला येतो बाई, माझा वर्षातून एकदा." एका कीटकनाशक कंपनीत जवळपास दुप्पट पगाराची नोकरी सांगून आली आहे. ती विचारते: शेतकऱ्याला फक्त अनुदान आणि झटपट पैसा हवा असतो, जमिनीचं त्याला काही पडलेलं नसतं, असंच समजायचं का? आणि मी इथे राहू की जाऊ?

तू मला काका म्हटलं आहेस, तेव्हा एकेरीतच लिहितो.

वडिलांचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलं आहेस. मी ते सकाळपासून चार वेळा वाचलं. वर्षातून एकदा कमावणाऱ्या माणसाने चाळीस वर्षं शेती केली, तर त्याला उभ्या आयुष्यात चाळीसच खरीप मिळतात. त्यातले दहा-बारा पाऊसच खातो. काही आजारपणात, काही लग्नकार्यात जातात. उरलेल्यांतला एक तू मागते आहेस. आणि मागताना काय सांगतेस, तेही तू लिहिलं आहेस: "पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न थोडं घटेल, पण नंतर जमीन साथ देईल." खोटं आमिष दाखवत नाहीस याचं मला खरंच कौतुक वाटतं. पण समोर बसलेल्याला सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं आहे आणि कृषी सेवा केंद्राची उधारी दिवाळीला. तो तीन वर्षं कशाच्या जोरावर थांबेल?

जमिनीचं काही पडलेलं नसतं, हे तर मला अजिबात पटत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, ओढ्याकाठच्या जमिनी खरडून गेल्या, खालचा मुरूम उघडा पडला. त्या दिवसांत बांधावर सुन्न बसलेली माणसं तूही पाहिली असशील. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येतं, गेलेली माती येत नाही, हे त्यांना कुणी पडद्यावर दाखवून शिकवलं नव्हतं. मुगाचा बेवड ज्वारीला चांगला, हे तुझ्या आजोबांना माहीत होतं. एका पिकाने मागे ठेवलेलं देणं पुढच्या पिकाला कसं लाभतं, ते सांगायला आपल्याकडे 'बेवड' असा एका शब्दाचा दागिना आहे. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं रानात बसवून त्याचे पैसे किंवा धान्य देणारे आजही आहेत. तू प्रशिक्षणात जी तत्त्वं नव्या नावांनी सांगतेस, त्यातली निम्मी या लोकांच्या बोलण्यात आधीपासून आहेत.

मग माहीत असून करत का नाहीत? तू मार्चमध्ये १९ जणांना भेटलीस. आता न करणाऱ्या ३९३ पैकी दहाजणांकडे जा. "का केलं नाही?" असं विचारू नकोस, तो जाब होतो. "करायचं म्हटलं तर काय आडवं येतं?" एवढंच विचार आणि गप्प बस.

बहुतेकांचं पहिलं उत्तर तण असेल. नांगरट आणि वखराच्या पाळ्या माणूस हौसेने घालत नाही. नांगर सोडा म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे कुंदा, हरळी आणि लव्हाळा उभा राहतो. आपल्या राज्यात विना नांगरणीच्या शेतीवर ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांत कोल्हापूरचे प्रतापराव चिपळूणकर आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे ही दोन नावं ठळक. चिपळूणकरांनी तण वाढू देऊन, मारून, त्याचंच खत करायला सांगितलं. भडसावळ्यांच्या एसआरटी (सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक) पद्धतीत कायमचे गादीवाफे असतात आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात. पण दोघांनीही तणनाशक वर्ज्य मानलं नाही, हे लक्षात घे. तू लिहितेस की तुमच्या पुस्तिकेत नांगरटही कमी करायची आहे आणि तणनाशकही नको. मग तण कुणी काढायचं? उत्तर पुस्तिकेत लिहिलेलं नाही, पण गावात सगळ्यांना माहीत आहे: बायांनी, खुरपं घेऊन, वाकून. आणि बाया तुझ्या प्रशिक्षणाला बोलावलेल्याच नव्हत्या, कारण सातबारा नवऱ्याच्या नावावर.

मला स्वतःला तणनाशकाचा भरवसा वाटत नाही, तरीही सांगतो: नांगर एकदम सोडायला सांगू नकोस. दरवर्षीची खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा करा, मधल्या दोन वर्षांत वखरावर भागवा, इथून सुरुवात कर. सोयाबीनसाठी इंदूरची संशोधन संस्थाही तीन वर्षांतून एकदाच खोल नांगरट सुचवते, तेव्हा यात कुणाला जगावेगळं काही करायचं नाही. पेरणीनंतरच्या पहिल्या वीस दिवसांत डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, वेळेवर झाली तर खुरपणीचा भार हलका होतो. त्या वीस दिवसांत पाऊस उघडला नाही तर काय करायचं, याचा मात्र आधीच बसून विचार करावा लागेल.

दुसरं उत्तर जनावरांचं येईल. सोयाबीनचं भुसकट रानात पसरा म्हणणं सोपं आहे. ज्याच्याकडे जनावरं आहेत त्याला ते चारा म्हणून हवं. ज्याच्याकडे नाहीत तो पसरेलही, पण सुगी उरकली की गावची जनावरं मोकाट सुटतात आणि त्याने केलेलं आच्छादन आठ दिवसांत चरून टाकतात. ही एकट्या शेतकऱ्याच्या हातातली गोष्ट नाही, त्यासाठी गाव बसावं लागतं. हिवरे बाजारने चराईबंदी ग्रामसभेत ठरवली, शेतकऱ्याच्या घरी जाऊन समजावली नाही. तुझ्या चौदा गावांत असं एकही गाव तयार नसेल, तर आच्छादनाचा धडा सध्या बाजूला ठेव आणि मुळं जमिनीत ठेवण्यावर भर दे. मुळं कुणाची गाय खात नाही.

आणि जमीन बटईची किंवा ठोक्याची असेल, तर बोलणंच खुंटतं. पुढच्या अक्षय तृतीयेला रान दुसऱ्याकडे जाणार असेल तर त्यात हिरवळीच्या खताचा ताग कोण गाडेल?

तागावरून आठवलं, ते सांगायला मला अजून जड जातं. मी तुझ्या वयाचा होतो. एका गावात एका अल्पभूधारकाला मी आग्रहाने दोन एकरांत ताग पेरायला लावला. पंचेचाळीस दिवसांनी, फुलावर आला की गाडायचा आणि मग पेरणी, असा माझा कागदावरचा हिशेब. पाऊस फसला. ताग गाडायला ओल नाही, उभा ठेवावा तर पेरणी लांबते. शेवटी घाईने गाडला, तो नीट कुजला नाही आणि त्यावरची पेरणी विरळ उगवली. त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पुढच्या बैठकीला फक्त आला नाही. माझा पगार त्या महिन्यातही वेळेवर झाला होता.

म्हणून तुझ्या कामातली माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव सांगतो. ती ज्ञानाची नाही आणि शेतकऱ्याच्या स्वभावाची तर नाहीच. तुम्ही शिकवता, आकडा तुमच्या अहवालात जातो, आणि धोका सगळाच्या सगळा त्याच्या रानात राहतो. तो थोडा तरी वाटून घ्या.

कसा, ते पुढे सांगतो. आधी तुझ्या स्लाइडमधलं एक वाक्य काढून टाक: 'तीन वर्षांत सेंद्रिय कर्ब ०.४ वरून १ टक्का.' बसून हिशेब कर. एकरभर रानातली वरची पंधरा सेंटीमीटर माती साधारण ८ लाख किलो भरते. तिचा ०.१ टक्का म्हणजे ८०० किलो कर्ब. वाळलेल्या काडीकचऱ्यात चाळीस-पंचेचाळीस टक्के कर्ब असतो, पण कुजताना त्यातला बहुतेक हवेत जातो. सहावा-सातवा हिस्सा मातीत टिकला असं धर. मग नुसत्या ०.१ टक्क्यासाठी एकरी बारा टनांच्या आसपास वाळलेला पाला लागतो. कोरडवाहू सोयाबीनचं भुसकट एकरी टन-दीड टन. तू या ०.१ टक्क्याच्या सहापट वाढ तीन वर्षांत कबूल करते आहेस. चौथ्या वर्षी कुणी माती तपासून आणली की तुझं बाकीचं खरं बोलणंही खोट्यात जमा होईल.

लवकर बदलतं ते पाणी मुरणं, ढेकळाची घट्टी, गांडुळं. हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. शेतकऱ्याला त्याच्याच बांधावरचं एक आणि रानातलं एक वाळलेलं ढेकूळ आणायला सांग, दोन ग्लासांत पाणी घेऊन त्यात सोड. माती तीच, पाऊस तोच. बांधावरच्या मातीत गवताची मुळं बारा महिने आणि तिला नांगर नाही, म्हणून तिथलं ढेकूळ सहसा जास्त वेळ तग धरतं. रानातलं बघता बघता चिखल होतं. मी हे शेकडो वेळा केलं असेल. ग्लासभोवती जी शांतता पसरते ती भाषणाने कधी येत नाही. दुसरं, तळ कापलेला सहा इंची डबा जमिनीत दोन बोटं ठोकायचा, त्यात साडेचारशे मिली पाणी ओतायचं (हा झाला इंचभर पाऊस) आणि मुरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजायचं. भेगाळलेल्या रानात हे करू नकोस, पाणी भेगेतून जाईल आणि आकडा फसवेल. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना कर.

मग पैसा. उत्पन्न वाढेल, असं सांगत सुटू नकोस. खर्चापासून सुरू कर, कारण वाचलेला खर्च पावसावर अवलंबून नसतो. एक एकर सोयाबीन घे. सपाट पेरणीला तीस किलो बियाणं लागतं, बीबीएफ पेरणीयंत्राने रुंद सरी-वरंब्यावर वीस-बावीस किलोंत भागतं. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची, सत्तर उगवले तर बिनधास्त पेरायचं. माती तपासणीत स्फुरद (फॉस्फरस) पुरेसा निघाला तर डीएपीची एक गोणी कमी, त्याचे १३५० रुपये. नांगरटीचे एकरी दोन हजार धर, तुमच्याकडचा भाव वेगळा असेल तर तो घाल. बियाणं सोडूनच ३३५० झाले. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल. बाजारात तेवढा मिळतोच असं नाही, पण तोच धरला तरी हे साठ किलोंहून जास्त सोयाबीन न पिकवता घरात आलं. हे गणित तू मांडू नकोस, वही त्याच्याकडे दे. खर्चाचे आकडे त्याच्या तोंडून आले की त्याला स्वतःलाच उधारीवरचं व्याज दिसतं, जे दुकानदार वेगळं लिहीत नाही.

खत एकदम बंद करा, असं मात्र कुणालाच सांगू नकोस. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी घातली, भाताचं पीक घसरलं, चहालाही फटका बसला आणि त्याच वर्षी ती बंदी उठवावी लागली. जमिनीला सवय मोडायला वेळ द्यावा लागतो. जीवामृत जरूर करा, पण कमी केलेली गोणी आणि घातलेलं जीवामृत यांचा हिशेब शेजारी-शेजारी ठेवा.

आता धोक्याचं. एका दिवसाचं हॉलमधलं प्रशिक्षण बंद कर. शेतीशाळा ही कल्पना १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या निमित्ताने रुजली. पंचवीस-तीस शेतकरी, एकच रान, पेरणीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याला भेट, आणि शिकवणारा कमी बोलणारा. आपल्याकडे राज्य सरकारच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पात शेतीशाळा झाल्या, तुझ्या भागातही झाल्या असतील. ज्या गावी त्या नीट चालल्या तिथल्या लोकांना विचार. चौदा गावं सोड, तीन घे. दर गावात बारा-पंधरा घरं, प्रत्येकाचं अर्धा एकर. बांधाकडेचं नको. तिथे सावली, मुरूम आणि जनावरांची वाट, तिथला निकाल आधीच हरलेला असतो. रानाच्या मधला पट्टा, आणि त्याला लागून तेवढाच नेहमीच्या पद्धतीचा. वाण एक, पेरणीची तारीख एक, मळणी वेगळी, वजन सगळ्यांसमोर.

आणि संस्थेला सांग की पहिल्या वर्षी या पट्ट्यात शेजारच्या पट्ट्यापेक्षा कमी पिकलं तर तो फरक संस्था भरेल. घाबरण्यासारखी रक्कम नाही. अर्ध्या एकरात अगदी एक क्विंटलचा फटका बसला तरी पाच हजारांच्या घरात. चाळीस पट्टे सगळेच्या सगळे फसले, जे होत नाही, तरी दोन लाख. हजार माणसांचा चहा-नाश्ता, मंडप, बॅनर आणि गाड्यांवर यंदा किती जाणार आहे, ते हिशेबनिसांना विचार.

घरातल्या बाईला पट्ट्याची मालकीण कर. मराठवाड्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने हे करून दाखवलं आहे. बायकांनी घरच्या रानातलं अर्धा-एक एकर नवऱ्याकडून मागून घेतलं, त्यात घरच्या खाण्याची पिकं घेतली. त्यांच्या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बीजप्रक्रिया, टोकण, खुरपणी तीच करते, तण कुठे वाढलं ते तिलाच आधी कळतं. बैठक दुपारी साडेतीनला ठेव, शेतातून परतल्यावर आणि स्वयंपाकाच्या आधी. पुढाऱ्याच्या ओसरीवर नको, शाळेच्या पडवीत किंवा रानातच घे.

ते १९ जण तुला कमी वाटतात. पण ते एकट्याने, कुणाच्या हमीशिवाय उतरले. पुढच्या शेतीशाळा त्यांच्या रानात भरव आणि बोलायचं काम त्यांना दे. फसलेल्यांना आधी बोलू दे.

नोकरीचं. कंपनीत जाणं हे पाप नाही. घरावर कर्ज असेल, धाकट्याचं शिक्षण असेल, तर जा आणि कुणाची नजर चुकवू नकोस. पण पत्रात तू पैशाची अडचण कुठेच लिहिली नाहीस, शेतकऱ्यांवरचा राग लिहिला आहेस. रागाने जाऊ नकोस. संस्थेपुढे ठेव: हजार सह्या की चाळीस पट्टे? त्यांनी चाळीस पट्टे मान्य केले तर एक खरीप थांब. हजारच हवेत म्हणाले, तर ती जागा सोडायला मी तुला थांबवणार नाही. मात्र कंपनीला होकार देण्याआधी तुझ्या भागातलं कृषी विज्ञान केंद्र आणि चालतीबोलती शेतकरी उत्पादक कंपनी या दोन ठिकाणी चौकशी कर.

राहिले बाबा. यंदाची नांगरट झाली, तो विषय काढू नकोस. पेरणीच्या आधी एका संध्याकाळी त्यांच्याकडे अर्धा एकर माग, मधलं. सांग की बियाणं, खत, पाळ्या सगळं त्यांच्या मर्जीने होईल, फक्त बीबीएफ चालेल आणि एक गोणी कमी पडेल. आणि सांग की शेजारच्या अर्ध्या एकरापेक्षा जेवढं कमी पिकेल तेवढे पैसे तू तुझ्या पगारातून देशील, दिवाळीच्या आत. ते हसतील, नको म्हणतील, बापाने लेकीकडून पैसे घ्यायचे का म्हणून रागावतीलही. तरी आकडा कागदावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेव. मळणीच्या दिवशी रजा काढून काट्यापाशी हजर राहा.